देशाच्या हिट परेडमध्ये मराठवाडा कुठं होता?

सिंदफणा (माजलगाव)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज सविस्तर लिहितो.

२० फेब्रुवारी २०२४ ला रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले तेव्हा जो तो लिहीत होता की त्यांची बिनाका गीतमाला, म्हणजे लोकप्रिय हिंदी सिनेगाणी क्रमानं वाजवणारी रेडिओवरची हिट परेड, हा देशाच्या आवडीनिवडीचा इतिहास. गीतमालेवर माझंही मनापासून प्रेम आहे. म्हणून तिच्या वार्षिक याद्या घेऊन बसलो आणि एकेका सालापुढं त्या वर्षी आपल्या भागात काय चाललं होतं ते लिहीत गेलो. वेळ असेल त्यानं हे जरूर करून बघावं.

१९५३ चं पहिलं गाणं ‘अनारकली’मधलं ‘ये जिंदगी उसी की है’. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, निजामाची राजवट जाऊन पाचच वर्षं झाली होती. आपल्याकडची शिकलेली पिढी उर्दूत शिकलेली. त्यामुळं ही गाणी आपल्या म्हाताऱ्यांना परकी वाटलीच नाहीत. पुण्यामुंबईच्या माणसाला जो शब्द विचारावा लागायचा तो आमचे आजोबा बाजारात रोज वापरत.

१९६६ चं पहिलं ‘बहारों फूल बरसाओ’. यावर काय लिहायचं, आजही नवरदेव मांडवाच्या तोंडाशी आला की हेच वाजतं. देशाची यादी आणि आपल्या गावाची यादी तंतोतंत जुळली असं ठामपणे म्हणता येईल असं हे एक गाणं.

मग १९७२. देशात पहिल्या नंबरावर ‘दम मारो दम’. आणि आपल्याकडं? विहिरी आटलेल्या, दुष्काळी कामावर बायाबापडे खडी फोडतायत, पोरांना सुकडी, घरात मिलोची लाल भाकर. त्या कामावर दुपारच्या सुट्टीत लोक काहीतरी गात होतेच. काय गात होते? ते कुठल्याही यादीत सापडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: हिट परेड ही मोजलेल्या लोकांची आवड असते. ज्यांच्यापर्यंत मोजणारा पोचला नाही त्यांचं गाणं इतिहासातून गळतं. आपलं किती गळलं आणि ते आता गोळा करता येईल का, यावर जाणत्यांनी लिहावं.

जुना मर्फी (परभणी)

सिंदफणा, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी त्या काळचा श्रोता, म्हणून आधी गीतमाला चालायची कशी ते सांगतो, म्हणजे पुढच्या चर्चेला बूड राहील.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत हलकं आहे असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मग काटा फिरवला आणि श्रीलंकेतलं, कोलंबोचं रेडिओ सिलोन गाठलं. ३ डिसेंबर १९५२ ला तिथं गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला ती स्पर्धा होती, सात गाणी वाजायची आणि ती कोणत्या क्रमानं प्रदर्शित झाली ते ओळखून पाठवायचं, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रं आली असं सयानी सांगत. पुढं पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा तिची हिट परेड झाली. सरकारला १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली, त्यामागं सिलोनकडं वळलेला हा श्रोता होता. मंत्र्यांच्या पसंतीला लोकांनी दिलेलं हे उत्तर मला गीतमालेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता मोजणी. रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांकडून खपाचे आकडे जायचे आणि गावोगावच्या श्रोता संघांकडून पसंतीची पत्रं. त्यावरून पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, ठरायची. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं सरताज व्हायचं, बिगुल वाजायचा आणि ते शर्यतीतून बाहेर. शिवाय गाणं हिंदी सिनेमाचंच पाहिजे. मराठी नाही, भजन नाही, कव्वाली सिनेमातली असली तरच.

आमच्याकडं रेडिओ म्हणजे पोस्टातून लायसन काढायचं, सालाची फी भरायची, माळवदावर दोन बांबू रोवून तार ताणायची. एवढं करूनही शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा न् जायचा. बुधवारी रात्री आठच्या आधीच वाड्याच्या ओसरीवर माणसं जमलेली असायची. वाड्यातली आत, बाकीची बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर. ऐकणारे पंचवीस-तीस, रेडिओ एक, आणि पत्र लिहिणारा त्या घरचा शिकलेला मुलगा. त्याला जे आवडलं ते आमच्या गल्लीचं मत म्हणून कोलंबोला गेलं. पायऱ्यांवरच्या माणसांना कोणी विचारलं नाही. तालुक्याला रेकॉर्ड विकणारं दुकान नव्हतं, त्यामुळं खपाच्या आकड्यातही आम्ही नाही.

म्हणून गीतमाला खोटी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. तिनं ऐकणाऱ्याला पहिल्यांदा मत दिलं. पण ते मत पत्र लिहिता येणाऱ्याचं होतं.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मर्फीकाका, तुमच्या पायऱ्यांवरच्या माणसांचा प्रश्न जगभरच्या चार्टांना, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्यांना, पुरून उरलाय. थोडी बाहेरची माहिती देतो, कारण ताडून बघितलं की आपलं काय झालं ते जास्त कळतं.

योगायोग बघा. ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा, म्हणजे गीतमालेच्या आधी तीनेक आठवडे. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्सनं वीसेक दुकानांना फोन लावले, कुठली रेकॉर्ड जास्त खपली ते विचारलं आणि यादी छापली. पहिल्या नंबरावर अल मार्टिनो. अख्ख्या देशाची आवड आणि आधार वीसेक दुकानांचा.

अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकानं काळ्या लोकांच्या संगीताची यादी वेगळी ठेवली होती आणि तिचं नाव ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. १९४९ मध्ये ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६५ पर्यंत तर ती यादी बंदच होती. त्या वर्षभरात काळ्या वस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त काय वाजलं, हे अभ्यासकांना आज इतर मासिकांवरून जुळवावं लागतं. चार्ट थांबला की इतिहासात भोक पडतं ते असं.

आणि सगळ्यात बोलका दाखला १९९१ चा. तोपर्यंत अमेरिकेत अल्बमची यादी दुकानातल्या माणसांनी सांगितलेल्या क्रमावरून बनायची. ती माणसं आपल्या समजुतीप्रमाणं सांगायची, रॉक वर, बाकीचं खाली. मे १९९१ पासून बिलबोर्डनं साउंडस्कॅन घेतलं, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचला की ती विक्री धरली. माणसं तीच, आवडही तीच, फक्त मोजणी बदलली. जूनमध्ये एनडब्ल्यूए या रॅप गटाचा अल्बम पहिल्या नंबरावर, ज्यांना रेडिओवाले जवळ करत नव्हते. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम आल्या आल्या थेट पहिला. खेड्यातलं संगीत आणि काळ्या वस्त्यांमधलं संगीत, दोन्ही आधीपासून तितकंच खपत असणार. ते दिसलं मात्र १९९१ ला.

पुढं २०१२ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ जगभर गाजलं तरी बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या नंबराच्या वर गेलं नाही, कारण रेडिओवर ते कमी वाजायचं. २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी यूट्यूबही मोजायला घेतलं.

आता आपल्या देशाचं. गीतमाला १९८९ ला विविध भारतीवर आली आणि १९९४ ला संपली. त्यानंतर सगळ्यांनी मानावी अशी एक यादी राहिलीच नाही. २०२१ मध्ये इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेनं स्ट्रीमिंगवरून वीस गाण्यांचा साप्ताहिक चार्ट सुरू केला. तो कशाचा? आंतरराष्ट्रीय गाण्यांचा. इतक्या गाणाऱ्या देशात अधिकृत मोजणी सुरू होते ती बाहेरच्या गाण्यांपासून, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मांजराकाठ (लातूर)

थोडा वेगळा सूर लावतो. सिंदफणादादा, तुम्ही १९७२ घेतलंत, पण त्याच यादीतलं १९७५ का सोडलंत? त्या साली पहिलं ‘महंगाई मार गई’, ‘रोटी कपडा और मकान’चं. दुष्काळ सरला होता पण महागाईनं लोक पिचले होते, १९७४ ला रेल्वेचा संप झाला होता, आणि रेशनच्या रांगेतल्या माणसाचं दुखणं देशात पहिल्या नंबरावर आलं. वर ते गाणं कव्वालीच्या घाटाचं. लता, मुकेश, नरेंद्र चंचल आणि सोबत जानी बाबू कव्वाल. खुलताबादच्या किंवा कंधारच्या उरुसात रात्र जागवणाऱ्या आपल्या माणसाला तो घाट काय शिकवायचा? मला तरी त्या यादीत लातूरच्या आडत बाजारातला हमालसुद्धा दिसतो. त्यामुळं सगळंच गळलं असं सरसकट म्हणू नये.

हां, १९९३ बद्दल मात्र तुमचं पटतं. त्या वर्षीचं पहिलं ‘चोली के पीछे’. ते आमच्याकडंही वाजायचं, खोटं कशाला बोलू. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या भागात कितीतरी दिवस कुठंच काही वाजलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रात्री भजनी मंडळी बसायची तेवढाच आवाज. वर्षाच्या यादीत एखाद्या मुलखाचं गप्प होणं कुठं लिहितात?

बँजोवाला (लोहा)

राम राम मंडळी. मी काही लई शिकलेला माणूस नाही, पण घरात तीन पिढ्यांचं वाजवणं आहे. आज्याचा बँड होता, वडिलांनी बँजो पार्टी काढली, आता मी कॅसिओ वाजवतो. देवगिरी सरांनी बारकोडचं सांगितलं ते वाचून वाटलं की आपल्याकडं मोजणी होतीच, फक्त ती कोणी मागितली नाही.

आमच्या पेटीत वडिलांची वही आहे. चौकोनी रेघांची, पुठ्ठ्यावर खाकी कागद, कोपरे तेलकट झालेले. प्रत्येक पानावर वर गावाचं नाव, तिथी, सुपारी किती घेतली, विसार किती मिळाला. खाली त्या लग्नात वाजवलेली गाणी एकाखाली एक. आणि गाण्यापुढं उभ्या रेघा. एकदा फर्माईश आली की एक रेघ. पुन्हा कोणी दहाची नोट ओवाळून तेच मागितलं की दुसरी. पाच झाल्या की आडवी काट. पोरांना पैसे वाटताना हिशोब लागायचा म्हणून वडील असं लिहायचे. मी त्या वहीकडं कधी असं बघितलंच नव्हतं, पण ही काय आहे मग? ही पायदानच आहे की.

त्यात दिसतं काय ते सांगतो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की मारुतीच्या पारापर्यंत हिंदी सिनेमा, त्यात ‘बहारों फूल बरसाओ’ ठरलेलं. पण पारावरून मांडवाकडं निघालं की पोरं नाचायला लागतात आणि तिथून सगळं मराठी. त्यातही सिनेमाचं कमी, कॅसेटचं जास्त. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्यापुढं एका पानावर काट मारून मारून जागा उरली नाही, वडिलांनी समासात रेघा ओढल्यात. बौद्ध वस्तीतलं लग्न असेल तर पहिलं बुद्धवंदनेचं, मग भीमगीतं, आणि प्रल्हाद शिंदेंचं नाव घेऊन फर्माईश. गाण्याचं नाव नाही, ‘प्रल्हाददादांचं ते वाजवा’ एवढंच. वडिलांना कळायचं कोणतं ते.

माळेगावच्या यात्रेची पानं वेगळी आहेत. तिथं आम्ही वाजवायला नाही, ऐकायला जायचो. फडावर कुठली लावणी दोनदा झाली, कुठल्या गाण्याला फेटे उडाले ते वडील रात्री लिहून ठेवायचे, कारण पुढच्या लगीनसराईत लोक तेच मागणार. यात्रा मार्गशीर्षात, लग्नं त्याच्या पुढं. आमच्या नांदेड-परभणी पट्ट्यात त्या साली काय चालणार ते माळेगावात ठरायचं, मुंबईत नाही.

अक्षरा (नांदेड)

बँजोवालेदादा, ती वही कृपा करून जपून ठेवा. आधी तिच्या प्रत्येक पानाचे चांगल्या उजेडात फोटो काढा, मग बाकी सगळं.

मी दोन गोष्टी जोडते. पहिली कॅसेटची. टी-सिरीज वगैरे कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त केली आणि तालुक्याच्या गायकालाही आवाज मिळाला. त्याआधी रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली, ती वहीतून वहीत, तोंडातून तोंडात गेली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज कॅसेटमुळं घराघरांत पोचला. दोघंही २००४ मध्येच गेले. त्यांच्या गाण्यांचा खप कोणत्याही राष्ट्रीय यादीत नाही, कारण ती विकली गेली ती दीक्षाभूमीच्या, चैत्यभूमीच्या आणि आपल्या विद्यापीठ गेटच्या फुटपाथवर, सतरंजीवर मांडून. तिथं कुठली पावती आणि कुठलं रेकॉर्डचं दुकान!

आणि ती नुसती करमणूक नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर काय गुदरलं ते इथल्या जुन्या सदस्यांना सांगायला नको. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षं ही चळवळ गाण्यांवर जगली. सभेला माणूस जमायचा तो आधी गाणं ऐकायला, भाषण नंतर. या मुलखाच्या त्या सोळा वर्षांचं सगळ्यात लोकप्रिय संगीत कोणतं असं मला विचाराल तर मी कसलाही विचार न करता भीमगीत म्हणेन. आणि नेमक्या त्या सोळा वर्षांच्या गीतमालेत त्याचा मागमूस नाही. मांजराकाठ सर, तुमचा हमाल यादीत दिसतो हे मान्य, पण तो सिनेमानं रंगवला तेवढाच दिसतो. त्यानं स्वतः रचलेलं गाणं तिथं येऊ शकत नव्हतं.

दुसरी गोष्ट बायकांची. मर्फीकाकांच्या ओसरीवर बायका किती होत्या? आमच्या आजीनं रेडिओ ऐकला तो भिंतीच्या आडून. पण पहाटे जात्यावर ती जे गायची ते तिचं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं, आज त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. सिंदफणादादा, तुमच्याच माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये त्या चमूनं बायकांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्यात. एकदा ऐकाच. तिथं नंबर नाहीत, सरताज नाही, पण प्रत्येक ओवीपुढं गाव आहे आणि गाणारणीचं नाव आहे. आपल्याला करायचंय ते या वाटेनं जाणारं असावं असं मला वाटतं.

जुना मर्फी (परभणी)

अक्षराताई, ओसरीवर बायका नव्हत्या. माजघराच्या दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि गाणं संपायच्या आत कोणीतरी त्यांना हाक मारायचं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, हे मी आजवर कुठं सांगितलं नव्हतं.

एक भर घालतो. आमचे राजारामभाऊ कदम यांचा गोंधळ ऐकायला परभणीत गर्दी मावायची नाही. संबळावर थाप पडली की मागं बसलेला माणूस उठून उभा राहायचा. त्या रात्री किती माणसं होती याची नोंद असेल तर ती मांडववाल्याकडं, सतरंज्या किती गेल्या त्या हिशोबात. मांडव डेकोरेटर्स आणि लाउडस्पीकरवाले यांच्या जुन्या वह्या शोधा. कर्णा कोणाकडं लागला, किती दिवस, कुठल्या कार्यक्रमाला, सगळं त्यात मिळेल.

मांजराकाठ (लातूर)

ताई, सिनेमानं रंगवलेला हमाल आणि स्वतः गाणारा हमाल, हा फरक पटला. माझ्या ओळखीत कॅसेट भरून देणारे एकजण होते. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे, ते साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. चिठ्ठ्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची त्यांना सवय होती. दुकान बंद झालंय, पण आकडा माळ्यावर असेल. रविवारी जाऊन बघतो.

सिंदफणा (माजलगाव)

मंडळी, एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. आता चर्चा इथंच न थांबवता काम ठरवू या.

नंबर लावायचे नाहीत, हे माझ्या मनानं पक्कं झालंय. पहिला-दुसरा करायला गेलो की आपणही पायऱ्यांवरच्या माणसांना विसरणार. देवगिरी सरांचं म्हणणं धरून मोजणीची जागा मात्र प्रत्येक वेळी लिहायची, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला कळेल की हे कोणी आणि कशावरून सांगितलं. लग्नातली वही असेल तर ती लग्नात नाचणाऱ्या पुरुषांची आवड आहे, ते तसंच लिहायचं. ओवी असेल तर ती जात्यावरची. कॅसेटची चिठ्ठी असेल तर ज्याच्या घरी टेप होता त्याची. एकच यादी सगळ्यांची म्हणून मिरवायची नाही.

नोंद अशी करू: गाव आणि तालुका. साल, नक्की माहीत नसेल तर दुष्काळाच्या आधी, भूकंपानंतर, नामविस्ताराच्या वर्षी असं. कुठं वाजलं किंवा गायलं. कोणी. गाण्याचे पहिले शब्द, जसे म्हणायचे तसे, शुद्ध करायचे नाहीत. आणि ही माहिती कशात मिळाली. जिवंत माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाहीत.

धाराशिव, हिंगोली, जालना इकडून अजून कोणी बोललं नाही. येरमाळ्याच्या आणि तुळजापूरच्या वाटेवर आराधी मंडळी काय गातात ते माहीत असलेलं कोणी असेल तर पुढं या. मी भीमनगरात जाऊन त्या ओव्या गाणाऱ्या बायांपैकी कोणी भेटतं का बघतो, आणि १९७२ च्या कामावर खडी फोडलेल्या आमच्या आत्याला विचारतो.

बँजोवाला (लोहा)

फोटो काढायला बसलोय, पोरीनं मोबाइल धरलाय. पहिलं पान टाकतो, नमुना बरोबर आहे का सांगा:

तालुका लोहा, गावाचं नाव पुसट. साल वडिलांनी लिहिलेलं नाही, पण सुपारी तीनशे रुपये आहे, त्यावरून आई सांगते थोरल्या बहिणीच्या जन्माआधीचं. लग्न, परण्या ते मांडव. गाणी अकरा. सगळ्यात जास्त रेघा ‘चल गं सखे पंढरीला’ला, सात. त्याच्या खाली ‘बहारों’, पाच. त्याच्या खालचं गाणं मला ओळखू येईना, वडिलांनी फक्त ‘मुखेडवाल्या शाहिराचं’ असं लिहिलंय. मुखेडकडचं कोणी आहे का इथं?